तक्रार असल्यास सविस्तर लिहावी

किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आणि सायकलवाला यांच्या मधोमध, अंग चोरून बसल्यासारखं, दोन खोल्यांचं एक आरोग्य केंद्र आहे. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, वजनकाटा आणि भिंतीवर उंची मोजायची पट्टी. आतल्या खोलीत टेबल, रक्तदाबाचं यंत्र, औषधांचं काचेचं कपाट, लसींचा फ्रीज आणि बाई. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. माणूस भला आहे, पण येतो केव्हा आणि जातो केव्हा हे त्याच्या गाडीलाच ठाऊक. बाकीचे दिवस, आणि खरं सांगायचं तर ते दोन दिवससुद्धा, केंद्र म्हणजे बाई.

बाईंचं नाव बाहेरच्या पाटीवर व्यवस्थित रंगवलेलं आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. सगळी वस्ती त्यांना दमबाई म्हणते. सुई टोचण्याआधी त्या "दम धरा" म्हणतात, आणि टोचून घ्यायला कुरकुर केलीत तर तोच दम तुम्हाला भरतात. साथीच्या दिवसांत सकाळपासून सत्तर माणसं तपासूनही त्यांना स्वतःला दम लागलेला कुणी पाहिलेला नाही. मागून दमबाई आणि तोंडावर नुसतं बाई. त्यांना हे माहीत आहे. त्यांना राग येत नाही, उलट आत कुठेतरी बरं वाटतं, पण ते त्या कबूल करायच्या नाहीत.

बावीस वर्षांपूर्वी बाई इथे नव्या होत्या तेव्हा त्याही चारचौघींसारखं विचारायच्या, "काय, बरं आहे ना?" समोरचा म्हणायचा, "बरं आहे." म्हणणारच हो! "बरं आहे ना" असं विचारल्यावर "नाही" म्हणायला माणूस चांगला निगरगट्ट लागतो. त्या वेळी गल्लीत कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई होती. हसतमुख, कामाला वाघीण. लेकराला लस द्यायला वर्षभर येत होती. बाई विचारायच्या, बरं आहे ना? ती म्हणायची, "बरं आहे, माझी काही तक्रार नाही." पुढच्या लसीला लेकराला घेऊन त्याची आत्या आली. छातीतली गाठ ती इस्त्रीवाली वर्षभर झाकून होती, आणि वर्षभर दर खेपेला बाईंच्या समोर याच खुर्चीत बसून गेली होती. त्या दिवशी बाई आतल्या खोलीत ढसाढसा रडल्या. "बरं आहे ना" हे शब्द त्यांनी त्या दिवसापासून तोंडातून काढून टाकले.

तेव्हापासून एकच प्रश्न: "काय तक्रार?" आणि त्याला "काही नाही" हे उत्तर चालत नाही. कुणी म्हणालंच, तर बाई चष्म्यावरून बघतात. "काही नाही? मग रांगेत कशाला उभे राहिलात, हवा खायला? जा, बाकावर बसा. आठवून या."

माणसं आठवून यायची. हळूहळू घरूनच आठवून यायला लागली. कुठे दुखतं, कधी दुखतं, वर गेलं की दुखतं का खाली उतरताना, सगळं नीट जुळवून. वस्तीत तक्रार हा मानाचा शब्द झाला. शेजारीण शेजारणीला विचारायची, "बाईंना तक्रार सांगून आलीस का? मी तीन सांगितल्या, तिन्ही ऐकून घेतल्या." दोन घरं सोडून राहणारा रंगारी एकदा दीडच तक्रार घेऊन आला म्हणून लोकांनी त्याची थट्टा केली. अशी ही वस्ती बाईंनी बावीस वर्षं घासून-पुसून तयार केली होती. आणि हेच त्यांच्या अंगाशी आलं.

झालं असं, की एका सकाळी मुख्य कार्यालयातून एक मुलगी आली. काखेत कागदांचा गठ्ठा, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर नव्या नोकरीचा प्रामाणिकपणा. "रुग्णांच्या समाधानाची पाहणी आहे," ती म्हणाली. "प्रत्येकाने योग्य त्या चौकटीत खूण करायची. नाव लिहायचं नाही. आणि सिस्टर, कृपा करून तुम्ही आतच थांबा. कर्मचारी समोर असले की लोक मोकळेपणाने लिहीत नाहीत."

"माझ्यासमोर?" बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर लोक मोकळे होत नाहीत? बरं, बरं. थांबते आत."

दोन तासांत वस्तीने त्या मुलीचं नाव चौकटवाली ठेवलं. तीन दिवस ती येत होती. एकेक रुग्ण बाईंकडून बाहेर आला की त्याने बाकावर बसून कागद भरायचा, आणि तेवढा वेळ बाईंनी दार लावून आत, फ्रीजच्या घरघरीत, बँडेजच्या गुंडाळ्या मोजायच्या. चौकटवाली इतकी प्रामाणिक, की आपलीही छाप कुणावर पडू नये म्हणून कानात कापूस घालून उंबऱ्यात पाठ करून बसायची. कुणी काही विचारलं तर मान न वळवता म्हणायची, "तुम्हाला जे वाटतं तेच लिहा."

आता बाहेर काय चाललं होतं ते बाईंना फार उशिरा कळलं. आपण आत्ताच सांगून टाकू.

कागदावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. चष्मे निम्म्यांचे घरी. मग वाचायला पुढे आले शिंपी मास्तर. मास्तर म्हणजे गल्लीतले सगळ्यात जुने शिंपी, गळ्यात टेप घालूनच जन्माला आलेले, मधुमेहाच्या गोळीसाठी दर महिन्याला केंद्रात येणारे, आणि आवाज असा की सुईत दोरा ओवतानाही तीन घरांत ऐकू जावा. त्यांनी मोठ्याने वाचलं, "आपण समाधानी आहात का? पूर्णपणे, बऱ्याच अंशी, काही अंशी, अजिबात नाही."

बाकावरच्या आजी कानाने जरा जड. त्या म्हणाल्या, "कोण, मी? घरात अशी सून असताना समाधानी?"

"सुनेबद्दल नाही विचारलंय, आजी."

"मग कशाबद्दल? समाधान म्हणजे समाधान. नातू नोकरीला लागला की बघू." मास्तरांनी "काही अंशी" वर खूण केली.

असे नऊ प्रश्न झाले. दहावा होता, "तक्रार आहे का? आहे / नाही. असल्यास सविस्तर लिहावी."

हे वाचल्यावर खोली एकदम हलली. "बघा, बाईंचं डोकं बघा!" रंगारी म्हणाला. "गर्दी वाढली तर आता कागदावर मागवतायत. सविस्तर म्हणतायत." आजी म्हणाल्या, "लिहा मास्तर, डाव्या टाचेत कळ येते, सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं. बाईंना माहीत आहे, पण लिहा. नाही लिहिलं तर रागावतील." मास्तरांनी लिहिलं. आपलं लिहिलं, आजीचं लिहिलं, चष्मे विसरलेल्या आणखी वीसेक जणांचं लिहिलं. ज्यांना जागा पुरली नाही त्यांनी कागदाच्या पाठीवर लिहिलं. तीन दिवसांत एकसष्ट कागद झाले, त्यातले एकोणसाठ "तक्रार आहे" वाले. उरलेल्या दोघांत एक होता पत्ता विचारायला आत आलेला परका माणूस, आणि एक लसीला आणलेलं बाळ, ज्याच्या वतीने त्याच्या बापाने "नाही" लिहिलं, कारण बाळ झोपलं होतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. बाईंनी ते उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. एकसष्टपैकी एकोणसाठ रुग्णांनी तक्रार नोंदवली आहे. सर्व केंद्रांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. याउलट मोठ्या रुग्णालयात शंभरात जेमतेम एक तक्रार आढळते. तरी हे केंद्र बंद करून त्या रुग्णालयात विलीन करण्याचा प्रस्ताव असून येत्या शुक्रवारच्या बैठकीत निर्णय होईल. मजकूर गोपनीय आहे.

मोठं रुग्णालय दोन बस बदलून होतं. बाईंच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आल्या आजी. रक्तदाबाच्या गोळीसाठी आजी दोन बस बदलतील? एक महिना जातील, दुसऱ्या महिन्यात सुनेशी भांडून जातील, आणि तिसऱ्या महिन्यात "बरं आहे" म्हणून घरी बसतील. आणि एक दिवस पडतील. अशी निदान चाळीस माणसं बाईंनी बोटांवर मोजली. केंद्र बंद झालं तर त्यांचं काय होईल हे त्यांना रोगाच्या नावासकट दिसत होतं.

आणि त्याच्याही खाली, जिथे बोलवत नाही तिथे, दुसरं काहीतरी दुखत होतं. एकोणसाठ! ज्यांची पोरं या हातांनी टोचली, ज्यांच्या जखमा धुतल्या, त्यांनी कागदावर, पाठीमागे, नाव न घालता तक्रार केली? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रुग्णांना "काय तक्रार?" विचारणंच सोडलं. "काय होतंय?" म्हणायला लागल्या. कोरडं, सरकारी.

वस्ती हादरली. "बाईंना काय झालं?" "मला 'काय होतंय' म्हणाल्या, परक्यासारखं." आजी तर घरी जाऊन रडल्या. किल्लीवाला म्हणाला की बाईंची बदली झाली असणार, सायकलवाला म्हणाला की दाढ दुखत असणार. विचारायची हिंमत एकालाही झाली नाही. तोंडाला कुलूप घातलेली दमबाई कुणी पाहिलेलीच नव्हती.

बाईंचे यजमान बसड्रायव्हर होते, आता निवृत्त. आयुष्यभर गर्दी मागे घेऊन गाडी चालवल्यामुळे त्यांना शांत राहायची सवय होती. रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "अगं, चार दिवस झाले, एकट्या भेंडीशी बोलतेस. काय झालं?"

बाईंनी पत्र समोर टाकलं. त्यांनी सावकाश वाचलं. "मग विचार की लोकांना."

"मी विचारू? अहो, त्यांनी तोंडावर सांगायचं होतं! मी काय खाऊन टाकते कुणाला?"

"लोकांना बावीस वर्षं सांगतेस, तक्रार लपवू नका, दुखणं वाढतं. आणि स्वतःची उशाशी घेऊन झोपतेस. उद्या जा कार्यालयात. म्हणावं, एकोणसाठ तक्रारी आहेत ना, दाखवा. एकेक निस्तरते."

बाईंनी भेंडीचं देठ तोडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. माणूस कमी बोलतो, पण बोलतो ते ब्रेक लावल्यासारखं. "जाते," त्या म्हणाल्या. "एकाही रुग्णाला तक्रार ऐकल्याशिवाय परत पाठवलं नाही मी. या एकोणसाठांना काय म्हणून सोडू?"

सोमवारी बाई इस्त्रीचा गणवेश घालून मुख्य कार्यालयात हजर. साहेबांनी तीन वाजताची दहा मिनिटं दिली. शुक्रवारच्या आत त्यांना तेवढीच मोकळी होती. बाई अडीचलाच जाऊन बसल्या. समोरच्या टेबलावर चौकटवाली होती. बाईंनी सरळ हात पुढे केला. "मॅडम, माझ्या केंद्राचा गठ्ठा द्या. नावं नाहीत त्याच्यावर, म्हणजे गुपित फुटायचं नाही. तक्रार काय आहे ते न कळता मी साहेबांना उत्तर काय देऊ?"

चौकटवालीने दोन क्षण विचार केला. आकडे तिने स्वतः मोजले होते, पण फक्त चौकटी मोजल्या होत्या, खालचं कुणीच वाचलं नव्हतं. तिने गठ्ठा दिला.

बाईंनी चष्मा लावला. पहिला कागद. "डाव्या टाचेत कळ येते, सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं." दुसरा. "जेवल्यावर दोन तास पोट फुगतं, डाव्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं." तिसरा. "शिडी चढताना उजवा गुडघा कट्‌कट् वाजतो, उतरताना वाजत नाही. मागच्या वेळी सांगायचं राहिलं."

बाई कागद उलटत गेल्या, आणि उलटता उलटता हसायला लागल्या. इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या टेबलावरचा माणूस फोनवर बोलता बोलता थांबला. "अहो, ही टाच आजींची आहे! हा गुडघा रंगाऱ्याचा! मेल्यांनो, मी तुमच्यावर चार दिवस रुसले होते गं बाई!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना लाज वाटली नाही.

चौकटवालीने एक कागद उचलला, दुसरा उचलला. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे यांना तक्रार म्हणजे..."

"मी शिकवलंय त्यांना! मीच!" बाई म्हणाल्या. "आता साहेबांना सांगू. दहा काय, पाच मिनिटं पुरेत." तीन वाजायला बारा मिनिटं होती. वेळ होता म्हणून त्या पुढचे कागद वाचत बसल्या, जुने मित्र भेटावेत तशा.

एक्केचाळिसाव्या कागदावर त्यांचा हात थांबला.

"जिना चढलं की छातीच्या मध्यापासून डाव्या बाहीच्या शिवणीपर्यंत आवळल्यासारखं होतं. कधी मनगटापर्यंत जातं. थांबलं की सुटतं. महिना झाला. कोण ते बाईंनी विचारू नये."

अक्षर मास्तरांचं. पण मास्तरांनी वीसेक जणांचं लिहून दिलं होतं, अक्षरावरून काय कळणार? बाईंनी पुन्हा वाचलं. दंडाला बाही म्हणणारा आणि खांद्याला शिवण म्हणणारा माणूस वस्तीत एकच होता. मधुमेह. वय सदुसष्ट. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या समोर सिगारेटचं पाकीट चुरगाळून टाकलं होतं आणि शपथ घेतली होती, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या शर्टाला वास आला होता. म्हणून विचारू नये होय!

बाई उठल्या. पर्स काखेत मारली.

"सिस्टर, कुठे?" चौकटवाली घाबरली. "साहेब आत्ता बोलावतील. हीच वेळ आहे. परत मिळणार नाही."

"मॅडम, या माणसाचीही वेळ भरत आलीय. साहेबांना सांगा, मला जावं लागलं."

"पण केंद्र..."

"केंद्र कशासाठी असतं हो?" बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्यासुद्धा.

मास्तर दुकानात मशीनवर होते. बाईंना दारात बघून त्यांनी पायाखाली काहीतरी विझवलं. "या या बाई. ब्लाउज का?"

"उठा. दुकान बंद करा. छातीत कधीपासून आवळतंय ते टॅक्सीत सांगा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "बाई, त्या कागदावर नाव नव्हतं घातलं मी."

"बाही घातली होतीत ना!"

मोठ्या रुग्णालयात हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाईंकडे बघून मान हलवली. हृदयाची एक नळी जवळजवळ बुजत आली होती. आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर मशीनवरच खाली मान घातली असती, असं ते म्हणाले. त्याच संध्याकाळी नळीत जाळी बसवली. हात छान होते तिथल्या डॉक्टरांचे, बाईंनी हे चारचौघांत सांगितलं. चांगल्याला चांगलं म्हणायला त्या कधी कचरत नाहीत.

गुरुवारी मास्तरांना घरी सोडणार होते. बाई न्यायला गेल्या तेव्हा चौकटवाली तिथे आधीच उभी होती, चेहरा पडलेला. सोमवारी बाई निघून गेल्यावर तिने स्वतः साहेबांना सगळं समजावलं होतं. साहेब म्हणाले, शब्दांचे खेळ मला सांगू नका. टाच दुखत असो नाहीतर माथा, माणसं रडतायत एवढं खरं. मोठ्या रुग्णालयात बघा, शंभरात एक तक्रार. लोक तिथे सुखी आहेत, तिथेच जाऊ देत. तिला वाटलं होतं, निदान मास्तरांचा जबाब घेऊन उद्याच्या बैठकीत ठेवावा.

तेवढ्यात वॉर्डातल्या कर्मचाऱ्याने मास्तरांच्या हातात कागद दिला. तोच. तेच दहा प्रश्न. मास्तरांनी या वेळी मोठ्याने वाचलंसुद्धा नाही. भराभर खुणा केल्या, पूर्णपणे समाधानी, पूर्णपणे समाधानी, आणि शेवटी तक्रार: नाही. सही हवी का म्हणून विचारलं, नको म्हटल्यावर कागद परत दिला आणि चपला शोधायला लागले.

चौकटवालीने ते पाहिलं आणि ती हळूच बाईंना म्हणाली, "संपलं, सिस्टर. साहेब म्हणतील, बघा, तुमचाच माणूस." बाईंच्या डोळ्यांसमोरून ती चाळीस माणसं पुन्हा गेली.

तिघं टॅक्सीत बसली. दार बंद झालं, टॅक्सी फाटकाबाहेर पडली, आणि मास्तरांनी तोंड उघडलं.

"बाई, पहिली तक्रार. सुई खुपसली होती तो हात तीन दिवस सुजलाय, हा बघा. दुसरी, पाठीखाली चादरीची घडी होती, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसरी, संडास कुठे आहे हे मला बुधवारी कळलं. बुधवारी! तोवर काय हाल झाले ते या मुलीसमोर सांगत नाही. चौथी, त्या पांढऱ्या गोळीने सारखं मळमळतं. दोन गोळ्या मी उशीखाली ठेवून दिल्या. पाचवी..."

"गोळ्या उशीखाली?" बाई किंचाळल्या. "मास्तर, ती गोळी तुमची जाळी उघडी ठेवते! टॅक्सी फिरवा हो, आधी गोळ्या बदलून घेऊ!"

टॅक्सी वळली. चौकटवाली मागे वळून मास्तरांकडे बघतच राहिली. "पण मास्तर, आत्ताच तर तुम्ही लिहिलंत, तक्रार नाही म्हणून."

"तिथे?" मास्तरांना प्रश्नच कळेना. "तिथे कुणाला सांगू? रोज नवा माणूस. त्यांना मी म्हणजे खाट नंबर अकरा. परक्यापुढे काय रडगाणं गायचं? विचारलं, बरं आहे ना, म्हटलं बरं आहे. तक्रार आपल्या माणसाला सांगायची असते, मॅडम. एवढं शिकलात, एवढंही माहीत नाही?"

चौकटवालीने पिशवीतून वही काढली आणि लिहायला घेतलं, अक्षर टॅक्सीबरोबर हलत होतं. मग ती म्हणाली, "मास्तर, हे उद्या साहेबांसमोर येऊन सांगाल?"

"साहेबांना? ओळख ना पाळख!" मास्तर म्हणाले. "तुम्हीच सांगा."

तिने सांगितलं. शुक्रवारच्या बैठकीत ती एकसष्टही कागद घेऊन गेली आणि साहेब घड्याळ बघत असताना एकेक मोठ्याने वाचला, टाचेपासून गुडघ्यापर्यंत. मग एक्केचाळिसावा वाचला. मग मोठ्या रुग्णालयातला मास्तरांचा कागद तिने टेबलावर ठेवला, आणि शेजारी टॅक्सीत लिहिलेल्या आठ तक्रारी. शेवटी म्हणाली, "शंभरातली नव्व्याण्णव माणसं तिथे सुखी आहेत का गप्प आहेत, हे आपण कधी विचारलेलं नाही. या गल्लीतली माणसं गप्प नाहीत, म्हणून त्यातला एक आज जिवंत आहे." आवाज कापत होता, असं तिनेच नंतर बाईंना सांगितलं. पण थांबली नाही.

शनिवारी सकाळी ती स्वतः पत्र घेऊन केंद्रात आली. दोन्ही बाकं भरली होती. बाईंनी आतल्या खोलीत पत्र उघडलं. पहिली ओळ होती, "सदर केंद्र चालू ठेवण्यात येत आहे." बाई खाली बसल्या आणि तोंडावर रुमाल धरून रडल्या, अगदी आवाज करून. बाहेर आजींनासुद्धा ऐकू गेलं, आणि मास्तरांनी दारातून डोकं आत घातलं. चौकटवालीने त्यांना पत्र दाखवलं. मग बाहेर जो गलका झाला तो सायकलवाल्यापर्यंत पोचला.

बाईंनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि दुसरी ओळ वाचली. "केंद्राबाबत रुग्णांची कोणतीही तक्रार नसल्याचे निष्पन्न झाले आहे." त्यांच्या कपाळावर आठी पडली. टेबलावरचं लाल पेन त्यांनी उचललं, ती ओळ सरळ खोडली आणि पत्र चौकटवालीच्या हातात परत दिलं.

"हे खोटं आहे. दुरुस्त करून आणा. तक्रारी एकोणसाठ आहेत, त्यातल्या चाळीसेक मी बऱ्या करीन, बाकीच्या वयाच्या आहेत."

"अहो सिस्टर, साहेबांची सही झालीय त्याच्यावर! ते चिडतील."

"चिडू देत," बाई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, एकदा या आणि इथे बाकावर बसा निवांत. त्यांचीही असेलच की एखादी. कुणी विचारली नसेल."